जकात गेली, एलबीटी गेली, आणि बाजारपेठेचं वजनही गेलं



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचं मालमत्ता कराचं बिल ओळीओळीने वाचलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला: "मॅडम, एवढा टॅक्स भरतो, मग आमच्या रस्त्याकडे कुणी बघत का नाही?"

पाच मिनिटांत उत्तर देता आलं नसतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं उत्तर थोडं कडू आहे. आपलं दुकान चाललं काय आणि बसलं काय, महापालिकेच्या तिजोरीला आता फारसा फरक पडत नाही. पूर्वी पडायचा. तो फरक काढून टाकायला आपणच रस्त्यावर उतरलो होतो, आणि त्याला कारणंही पुरेपूर होती. पण जकात हटवताना बाजारपेठेचं शहरातलं वजनही त्याच नाक्यावर राहिलं, हे आपल्या लक्षात आलं नाही.

आधी गणित मांडूया

कर वाढला की आपण चिडतो, मोर्चा काढतो, बंद पुकारतो. रस्ता खोदला की मात्र नशिबाला दोष देऊन गल्ल्यावर बसून राहतो. यातलं महाग काय पडतं?

उदाहरण म्हणून एक साधं भाड्याचं दुकान घ्या. महिन्याची विक्री ३ लाख. त्यावर २० टक्के मार्जिन, म्हणजे हातात ६० हजार. खर्च असा: भाडं १८ हजार, कामगारांचा पगार साडेअठरा हजार, लाइट-फोन-किरकोळ ७ हजार, आणि मालमत्ता कराचा महिन्याचा वाटा दीड हजार (करारानुसार भाडेकरूनेच भरायचा). एकूण ४५ हजार. मालकाच्या हातात उरले १५ हजार.

आता समजा मालमत्ता कर २० टक्क्यांनी वाढला. वर्षाचे १८ हजार होते, ते २१,६०० झाले. वाढ ३,६०० रुपये. महिन्याला ३००. टोचतं, पण दुकान बंद पडत नाही.

आता दुसरी गोष्ट समजा. ड्रेनेजसाठी समोरचा रस्ता खोदला. गाडी लावायला जागा नाही, फळीवरून चालत यायचं, सगळीकडे धूळ. विक्री ३५ टक्क्यांनी पडली. ३ लाखांचे १ लाख ९५ हजार झाले, मार्जिन ३९ हजारांवर आलं. भाडं, पगार, लाइट तेवढंच. म्हणजे १५ हजार सुटायचे तिथे ६ हजार खिशातून गेले. महिन्याचा फटका २१ हजार. काम चार महिने चाललं तर ८४ हजार.

८४ हजाराला ३,६०० ने भागा. तेवीसच्या पुढे येतं. म्हणजे चार महिन्यांची खोदाई तुम्हाला तेवीस वर्षांच्या करवाढीएवढी पडली, आणि तिची पावतीसुद्धा मिळाली नाही.

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या वहीतले घाला, उत्तर कमीजास्त येईल. पण माझ्या बॅचमध्ये ज्यांनी ज्यांनी हे गणित स्वतःच्या दुकानाचं करून आणलं, त्या प्रत्येकाचा नियोजनाचा फटका कराच्या फटक्यापेक्षा मोठा निघाला. कर बिलावर छापून येतो, म्हणून दिसतो. नियोजनाचा खर्च गल्ल्यातून गुपचूप जातो.

तुमचा पैसा जातो कुठे?

दुकानदार म्हणून आपण जे भरतो, त्यातलं महापालिकेकडे किती पोचतं ते बघा.

जीएसटी भरतो, तो केंद्र आणि राज्याचा. व्यवसाय कर भरतो, वर्षाला २,५०० रुपये. ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच घातलेली आहे. तमिळनाडू आणि केरळमध्ये हा व्यवसाय कर स्थानिक संस्था गोळा करतात. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो.

मग उरतो मालमत्ता कर. पण त्यातल्याही दोन ओळी नीट वाचा. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्याचे कर आहेत, महापालिका फक्त वसुली करते. शिक्षण कर दुकानाला घराच्या दुप्पट दराने लागतो. रोजगार हमी कर तर घरांना नाहीच, फक्त बिगरनिवासी मिळकतींना आहे.

आणि जो मालमत्ता कर महापालिकेकडे राहतो, तो इमारतीवर आहे, धंद्यावर नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते. पुण्यासारख्या शहरांत वार्षिक करयोग्य मूल्यावर होते, म्हणजे वर्षाला किती भाडं मिळू शकेल ते धरायचं, दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर. पद्धत कुठलीही असो, तुमचा रोजचा गल्ला २ हजार होतो की २० हजार, याचा तिथे काही संबंध नाही.

थोडक्यात, धंदा वाढला म्हणून महापालिकेला जास्त मिळत नाही आणि धंदा मेला म्हणून कमी पडत नाही.

पूर्वी काय होतं?

माझ्या वयाच्या लोकांना जकात नाका आठवतो तो ट्रकच्या रांगांमुळे. शहरात माल आला की नाक्यावर जकात. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांमध्ये ती टप्प्याटप्प्याने काढून १ एप्रिल २०१० पासून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणायला सुरुवात झाली. २०१३ मध्ये तो पुणे, ठाणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत आला, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोठं आंदोलन केलं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जे काही उरलं होतं, मुंबईच्या जकातीसकट, ते सगळं संपलं.

जकात वाईटच होती. नाक्यावर वेळ जायचा, पैसे चारावे लागायचे, प्रामाणिक माणूस भरडला जायचा. एलबीटीत छोट्या दुकानदारावर नोंदीचा आणखी एक बोजा आला. दोन्ही परत यावेत असं मी स्वप्नातही म्हणणार नाही.

पण त्या दोन्ही करांमध्ये एक गोष्ट होती. शहरात माल जास्त आला की महापालिकेचं उत्पन्न वाढायचं. बाजार थंडावला की आयुक्तांच्या कपाळावर आठी यायची. व्यापारी महासंघाचा फोन आला की उचलला जायचा, कारण पैसे तिथून येत होते.

जीएसटीनंतर काय झालं? राज्याने २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरलं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ गृहीत धरून महापालिकांना पैसे द्यायचं ठरलं. मुंबई महापालिकेला पहिला धनादेश जुलै २०१७ मध्येच मिळाला, सुमारे ६४७ कोटींचा.

महापालिकेसाठी ही चांगली सोय आहे, ठरलेला पैसा ठरल्या हिशोबाने येतो. पण दुकानदाराच्या जागेवरून बघा. तुमची बाजारपेठ वर्षभर खोदून ठेवली, ग्राहक मॉलकडे आणि मोबाइलकडे वळला, चार दुकानांची शटर कायमची खाली आली, तरी त्या हिशोबात एक रुपयाही कमी होत नाही. आणि बाजारपेठ सुंदर केली, धंदा दुप्पट झाला, तरी एक रुपयाही वाढत नाही. मग तुमच्या रस्त्याचं काम दिवाळीच्या आधी संपवायची घाई कुणाला असणार?

मग महापालिका कुणाचं ऐकते?

ज्याच्याकडून पैसे किंवा मतं येतात त्याचं. यात कुणाला शिव्या घालण्यासारखं नाही. आपणही मोठ्या गिऱ्हाइकाला आधी चहा विचारतो.

पैसे कुठून येतात? जीएसटीची भरपाई आणि मालमत्ता कर सोडला तर मोठ्या शहरांत बांधकाम परवानगीचं उत्पन्न महत्त्वाचं आहे: विकसन शुल्क, प्रीमियम वगैरे. शिवाय महापालिका हद्दीत घर-जागेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का अधिभार लागतो, तो एलबीटीच्याच व्यवस्थेतून आलेला आहे. म्हणजे बघा, व्यापाराचा कर गेला आणि त्याच्या जागी फ्लॅटच्या विक्रीवरचा पैसा आला. शहराच्या तिजोरीने गिऱ्हाईक बदललं.

त्याचा परिणाम नियोजनात दिसतो. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. चर्चा कशावरून झाली? रस्ता नऊ मीटरचा झाला की तिथल्या इमारतींना टीडीआर वापरता येतो, पुनर्विकास होतो, यावरून. त्या रस्त्यांना लागून तळमजल्यावर बसलेल्या किराणावाल्याचं, शिंप्याचं, झेरॉक्सवाल्याचं दुकान दीड मीटर आत गेलं तर त्याच्याकडे किती जागा उरेल, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा ऐकू आला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम प्रीमियममध्ये वर्षभरासाठी ५० टक्के सवलत दिली. करोनानंतर बांधकाम क्षेत्राला हात द्यायचा म्हणून. द्यावा, त्यावर लाखो लोकांचं पोट आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय झाला. तोही चांगला. पण त्याच करोनात महिनोन्‌महिने कुलूप लागलेल्या २०० चौरस फुटांच्या दुकानाला अशी माफी का मिळाली नाही? बिल्डरकडे पैसा आहे, घरमालकाकडे मत आहे. दुकानदाराकडे?

मत एका वॉर्डात, दुकान दुसऱ्या वॉर्डात

हा मुद्दा मी प्रत्येक बॅचमध्ये विचारते. "तुमचं दुकान ज्या वॉर्डात आहे, त्याच वॉर्डात तुमचं मत आहे का?" वीसातले चार-पाच हात वर होतात.

आपण राहतो एकीकडे, धंदा करतो दुसरीकडे. कर दुकानाच्या वॉर्डात भरतो, मत घराच्या वॉर्डात देतो. दुकानाच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला हे पक्कं माहीत असतं. तुमच्या गल्लीत चाळीस दुकानं असतील, पण त्याच्या मतदार यादीत त्यातली आठच नावं असतील. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी "खाली गाड्या लागतात" म्हणून तक्रार केली तर नो-पार्किंगचा बोर्ड लागतो. तुम्ही तक्रार केली तर "बघू" मिळतं.

कायद्यातही हीच अडचण आहे. महाराष्ट्रात क्षेत्र सभेची तरतूद आहे, पण तिचे सदस्य म्हणजे त्या भागातले नोंदलेले मतदार. दुकानदार तिथे दिवसाचे बारा तास असतो, पण सभेच्या दृष्टीने तो बाहेरचा. त्यात २०२२ पासून बहुतेक महापालिकांच्या मुदती संपून प्रशासक बसले, तेव्हा तर दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता.

गंमत बघा, या बाबतीत फेरीवाले आपल्यापुढे गेले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर फेरीवाला समितीवर किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत असं लिहिलेलं आहे. अंमलबजावणी रखडली, ती गोष्ट वेगळी, पण कायद्याने खुर्ची दिली. त्या समितीवर व्यापारी संघटनेच्या प्रतिनिधीलाही जागा आहे. तुमच्या शहरात त्या जागेवर कोण बसतं, तुम्हाला माहीत आहे? बहुतेकांना नसतं.

आता आपल्याकडे बघूया

फक्त महापालिकेला नावं ठेवून मी थांबणार नाही. तशा लेखांनी टाळ्या मिळतात, धंदा वाढत नाही.

फुटपाथवर फ्रिज, स्टँड, पुतळे आणि पायऱ्या कुणाच्या असतात? आपल्याच. ग्राहकाच्या पार्किंगच्या जागेत सकाळपासून रात्रीपर्यंत गाडी कुणाची उभी असते? मालकाची आणि कामगारांची. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, निवडक रस्त्यांवर पैसे देऊन पार्किंग करायचं ठरलं. विरोध झाला आणि ते वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. पण विचार करा, तासाला थोडे पैसे लागले असते तर दिवसभर जागा अडवणारी गाडी हलली असती आणि त्याच जागेत आठ-दहा ग्राहक येऊन गेले असते. दुकानदाराचा फायदा कशात होता?

रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी केला की धंदा बुडतो, ही भीतीही तपासून बघायला हवी. ११ डिसेंबर २०२१ ला पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात पादचारी दिन झाला, दिवसभर गाड्या बंद. पुढे तो दरवर्षी होऊ लागला. अशा रस्त्यावर कपड्यांच्या दुकानाला फायदा होईल, जड सामानाच्या दुकानाला त्रास होईल. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. पण आपलं गिऱ्हाईक येतं कसं, हे आपल्याला माहीत असतं का? आपण अंदाजाने म्हणतो, "सगळे गाडीनेच येतात." मोजलेलं नसतं.

मग करायचं काय?

पाच कामं सांगते. एकालाही वकील लागत नाही.

१. तारखा पाठ करा: २१ आणि ३०. मुंबई सोडून बाकी महापालिकांना १९४९ चा कायदा लागू आहे. त्यात नवीन आकारणी किंवा वाढ करताना विशेष नोटीस द्यावी लागते आणि तक्रार करायला २१ दिवस असतात. नंतर दिलेली तक्रार म्हणजे विनंती, हक्क नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या एमआरटीपी कायद्यानुसार हरकतींसाठी ३० दिवस असतात आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते. पुण्याच्या २०१३ च्या मसुद्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. पुढे राज्य सरकारने तो आराखडा स्वतःकडे घेतला, बरीच आरक्षणं बदलली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे नकाशावरची रेघ दगडावरची नसते. पण मुदतीत बोलावं लागतं, कारण आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो.

२. भाडेकरू असाल तर करारात एक ओळ घाला. नोटीस मालकाच्या नावाने येते, तो दुसऱ्या शहरात असतो, पाकीट पडून राहतं, २१ दिवस जातात आणि वाढलेला कर तुम्ही भरता. "महापालिकेची कोणतीही नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत भाडेकरूला प्रत द्यावी" एवढं पुरे. आणि थकबाकी ठेवू नका. शास्ती दरमहा २ टक्के लागते, म्हणजे वर्षाला २४. बँकेचं साधं कर्जही बहुधा याहून स्वस्त पडतं.

३. एक आठवडा गिऱ्हाईक मोजा. वहीत चार रकाने: पायी, दुचाकी, रिक्षा-बस, चारचाकी. येणाऱ्या प्रत्येकासाठी एक रेघ. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं साड्यांचं दुकान आहे. त्यांनी मोजलं तर निम्म्याहून जास्त बायका रिक्षाने येत होत्या. त्यांची लढाई पार्किंगची नव्हतीच, रिक्षा थांब्याची होती. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं.

४. खोदाई सुरू झाली की कार्यादेश मागा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. काम कधी सुरू, कधी संपणार, उशीर झाला तर ठेकेदाराला दंड किती, हे त्यात असतं. आमच्या रस्त्याचं काम रखडलं तेव्हा आम्ही चौदा दुकानदारांनी मिळून हा कागद काढला. मुदत संपून दोन महिने झाले होते आणि कुणीच ठेकेदाराला विचारत नव्हतं. कागद हातात घेऊन गेल्यावर बोलण्याचा सूर बदलला. अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर, असं काम सुरू झालं. नुकसान भरून निघालं नाही, पण सणाचा हंगाम वाचला.

५. शहराच्या संघटनेआधी गल्लीची संघटना करा. दहा-पंधरा दुकानं, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक माणूस महिन्यातून एकदा वॉर्ड ऑफिसला जाणारा. आणि त्या ग्रुपचा पहिला नियम: आधी आपला फुटपाथ मोकळा करायचा. मगच मागणीचं पत्र द्यायचं. पुण्यासारख्या शहरात २००६ पासून बजेटसाठी नागरिकांच्या सूचना मागवतात. तिथे रहिवासी बाकं आणि जॉगिंग ट्रॅक मागतात, म्हणून ते होतात. बाजारपेठेसाठी स्वच्छतागृह मागायला कुणीतरी अर्ज भरायला हवा ना? बाजारात बायका किती वेळ थांबतात हे स्वच्छतागृहावर ठरतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

आणि सरकारकडे मागायचं काय?

पुढच्या वेळी निवेदन द्याल तेव्हा फक्त "करवाढ रद्द करा" लिहू नका. माझ्या मते तीन मागण्या जास्त कामाच्या आहेत.

पहिली: ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस रस्ता बंद राहिला, तर त्या रस्त्यावरच्या छोट्या दुकानांना तेवढ्या दिवसांची मालमत्ता करात सूट. रक्कम लहान असेल, पण उशीर झाला की महापालिकेच्याही खिशातून काहीतरी जाईल. तेच महत्त्वाचं आहे.

दुसरी: प्रत्येक मोठ्या बाजारपेठेसाठी दुकानदार, फेरीवाले, रहिवासी, वाहतूक पोलीस आणि वॉर्ड ऑफिस यांची समिती. फेरीवाला कायद्यात नमुना तयार आहे. मत कुठेही असो, धंदा जिथे आहे तिथे दुकानदाराला बोलायला खुर्ची हवी.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने मुख्य: जीएसटीच्या भरपाईतला छोटा का होईना, एक हिस्सा त्या शहरातल्या व्यापाराच्या वाढीशी जोडा. सरसकट ८ टक्क्यांऐवजी, ज्या शहरात छोटा धंदा वाढला त्याला थोडं जास्त. हिशोब सोपा नाही. माल विकला जातो एका शहरात, नोंदणी असते दुसऱ्या शहरात, आणि लहान दुकानदार तर जीएसटीत नसतोच. गरीब शहरं मागे पडणार नाहीत हेही बघावं लागेल. पण जोपर्यंत बाजार चालण्यात महापालिकेचा फायदा नाही, तोपर्यंत आपली प्रत्येक मागणी म्हणजे विनवणीच राहणार.

जकात हटवायला आपण सगळे एकत्र आलो, कारण ती रोज डोळ्यांसमोर होती. नियोजन डोळ्यांसमोर नसतं. ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांतल्या जाहीर सूचनेत असतं, आणि त्या पानात आपण वडे बांधून देतो.

या आठवड्याचा गृहपाठ दोन ओळींचा. गिऱ्हाईक मोजायची वही सुरू करा, आणि तुमच्या दुकानासमोरचा रस्ता विकास आराखड्यात किती मीटरचा दाखवलाय ते महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघून या. नकाशा बघायला कुणाची परवानगी लागत नाही. आकडा बघून धक्का बसला तर कमेंटमध्ये लिहा. हरकत कशी लिहायची, त्यावर पुढचा व्हिडिओ करते.